निकिताचा डीजे आणि माझा दुसरा नंबर

शेवगावच्या मळ्यातून,
सोमवार, सकाळ

आदरणीय मरियाबाई यांना आक्काबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

कागदाच्या वर श्री लिहावा की तुमच्या देवाचं नाव लिहावं हे काही ठरेना, म्हणून वरची जागा मोकळी सोडली आहे. तुम्हाला ज्याचं हवं त्याचं नाव घालून घ्या, माझा दोघांनाही नमस्कार सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टर वाटी बदला म्हणतोय असं कानावर आलं. बदलू नका. आमच्या भावकीतल्या एकीनं बदलली, आता ती दिवसभर जिना चढते, उतरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. (तिच्या घराला आधी जिना नव्हता, गुडघा झाल्यावर बांधून घेतला.) सून, नातवंडं खुशाल असतील. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. मी बरी आहे असं घरातले म्हणतात, आणि घरातल्यांचं मला कधी पटत नाही, पण ते असो.

फोन सोडून चिठ्ठी का, असं म्हणाल. मला फोनवर ऐकू यायचं तर तो स्पीकरवर टाकावा लागतो, आणि स्पीकरवर टाकला की सून भाजी निवडायची थांबते. शिवाय तुम्ही त्या साली मास्तरांच्या पडवीत आम्हा दहा बायकांना अक्षरं गिरवायला बसवलं, त्यातली आता मी एकटीच लिहिते. बाकीच्या एक तर वर गेल्या, नाहीतर मोबाईलवर गेल्या. तोंडानं मी हाय-न्हाई करत असले तरी कागदावर आहे-नाही लिहायचं, हे तुमच्या पट्टीनं शिकवलेलं अजून बोटांत आहे. मध्येच सुटलं तर समजून घ्या, विषयच तसा आहे.

तर विषय असा की माझी नात निकिता, म्हणजे गोरखची धाकटी, डीजे झाली आहे.

डीजे म्हणजे काय हे मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. डीजे म्हणजे टेम्पो. टेम्पोवर पोत्यांसारखी थप्पी लावलेली खोकी, पुढं नाचणारी पोरं, मागं धूर, आणि वरात गेल्यावर दोन दिवस दूध चोरणाऱ्या म्हशी. म्हणून निकिता जेव्हा म्हणाली की आजी, मी डीजे आहे, तेव्हा मी आधी दाराबाहेर डोकावून बघितलं. टेम्पो नव्हता. टेबलावर होतं ते एक काळं मशीन, पाहुण्यांपुढं चहा नेतो त्या ट्रेएवढं. त्याला दोन चकत्या (जात्याच्या पाळ्यांसारख्या, पण दळत काही नाहीत) आणि चकत्यांच्या मध्ये सरकणारे बारीक खुंटे. शिवाय कानाला लावायचं एक असतं. ते दोन्ही कानांना बसतं, पण ती एकाच कानाला लावते. दुसरा कान मोकळा कशाला, म्हणून विचारलं तर म्हणे तो लोकांसाठी. घरात माझं ऐकायला एकही कान मोकळा नसतो, पण ते असो. हे मशीन नेवाशाच्या हर्षलचं, तो नोकरीला पुण्याला गेला तेव्हा निकितानं त्याच्याकडून जुनं घेतलं.

गोरखला हे मुळीच पसंत नाही. त्याचं म्हणणं, पोरीनं बी.कॉम. करावं, बँकेची परीक्षा द्यावी, आणि गाणी वाजवायचीच असली तर घरात बारीक आवाजात वाजवावीत. निकिताचं म्हणणं, तिच्या कॉलेजच्या गॅदरिंगला तिलाच वाजवायला सांगितलंय, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी कोपरगावच्या एका कॉलेजनंही बोलावलंय, आणि एवढ्या तालुक्यांत हे काम करणारी दुसरी मुलगी नाही. गोरख म्हणाला, नाही तर मग का नाही, याचा विचार कर. झालं. आठ दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, म्हणजे माझ्यामार्फत बोलले. मी भाकरी थापता थापता इकडचं तिकडं करत होते, आणि दोन्हीकडून शिव्या मलाच. शेवटी गोरखनंच तोड काढली. आजीनं पोरीबरोबर गॅदरिंगला जायचं, सगळं डोळ्यांनी बघायचं, आणि आजी हो म्हणाली तर पोरीनं खुशाल कोपरगावला जावं, नाही म्हणाली तर मशीन हर्षलला परत, पुन्हा नाव काढायचं नाही. निकिता लगेच कबूल झाली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. पन्नास वर्षांत ह्या घरात माझ्या शब्दावर फार तर चहात आलं पडलं असेल, आणि आता एकदम पोरीचं सगळं माझ्या जिभेवर आणून ठेवलं.

गेल्या शनिवारी आम्ही गेलो. कॉलेजात त्या दिवशी सांस्कृतिक दिवस होता. सांस्कृतिक म्हणजे काय, तर सगळ्यांनी जुन्या माणसांसारखं दिसायचं. फाटकातच एक बैलगाडी उभी केली होती, बैल नसलेली, आणि तिच्यात बसून फोटो काढायला रांग. ही सगळी आपलीच खेड्यांतली पोरं, घरी बैलगाडी दिसली तर बाप हाक मारील म्हणून मागच्या दारानं पळणारी. धोतरं नेसलेली पोरं, धोतरावर पट्टा, आणि पट्ट्यात मोबाईल. फेटे असे बांधलेले की डोकं दुखत असावं. एकाच्या खांद्यावर थर्माकोलचा नांगर. पोरींनी नऊवारी घातली होती. घातली होती म्हणते, नेसली होती म्हणत नाही, कारण त्या शिवलेल्या होत्या आणि मागं चैन होती. चैन, मरियाबाई. मी एकीचा काष्टा ओढून बघितला (बघावं लागतं), तर तो सुटेना. माझं आयुष्य काष्टा सावरण्यात गेलं, आणि ह्यांनी तो शिंप्याकडून कायमचा पक्का करून घेतला. अक्कल नाही असं म्हणता येत नाही.

निकिता तिच्या वायरी घेऊन पुढं गेली. मंडपाच्या दारात टेबल टाकून पूजा नावाची मुलगी बसली होती. (नाव गळ्यात लटकवलं होतं.) ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, नाव? मी सांगितलं. कितवीला? म्हणलं दुसरी, पुढं सोडली. तिनं द्वितीय वर्ष लिहिलं आणि माझ्या पदराला टाचणीनं चौदा नंबरचा कागद लावला. आता नंबर म्हणजे काय हे मला पक्कं माहीत आहे. डोळ्यांच्या शिबिराला गेले होते तेव्हा असाच लावला होता. नंबर मिळाला की गप बसायचं, पुकारला की उठायचं, उठलं नाही तर मागच्याचा डोळा आधी होतो. मी समजले, पालकांना नंबरानं बोलावत असतील, अंगठा-सही घेत असतील. म्हणून मी पदरावर हात ठेवून, नंबर दिसेल असा, निकिताच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मग तिनं सुरू केलं. आणि मी जे बघायला आले होते ते बघायला लागले, तर मला काही दिसेना. गाणारे कुठंतरी दुसरीकडं, त्यांनी कधीच गाऊन ठेवलेलं. वाजवणारेही तिथंच. नाचणारी पोरं खाली. मग ही काय करते? एका कानाला ते लावून चकती दोन बोटं पुढं, एक बोट मागं. खुंटा सरकवला. मान हलवली. आणि टाळ्या हिला. आपल्या लग्नात संबळ वाजवणारा घामानं भिजायचा, हलगीवाला आधी शेकोटीवर हलगी तापवायचा, सनईवाल्याचे गाल मी जवळून बघितले आहेत. हिचा पदर सुद्धा ढळला नाही (ओढणी म्हणायचं मला). गोरख विचारील, पोरगी काय करते, तर मी काय सांगू, मान हलवते?

एवढ्यात माईकवरून पुकारलं, नंबर चौदा. मी उठले. मला एका मास्तरणीनं हाताला धरून स्टेजच्या मधोमध नेलं आणि सोडून दिलं. समोर हजार पोरं, शिट्ट्या, आणि सही घ्यायला कोणी दिसेना. मी आपली इकडून तिकडं गेले, टेबल शोधत. तिकडून इकडं आले. पोरं टाळ्या वाजवतायत. निकितानं हातात तोंड लपवलं होतं, पण मशीन चालूच होतं, माझ्या पावलाला ढोलकी लागत होती. मग परीक्षक बाईंनी माईकवर विचारलं की ह्या वेशभूषेतून आपण समाजाला काय संदेश देता. मी म्हणाले, "संदेश कसला बाई, धुतलेलं हे एकच हुतं."

त्याच्यावर जे हसले ते दहा मिनिटं हसले. थोडक्यात सांगायचं तर मला पारंपरिक वेशभूषेत दुसरा नंबर मिळाला. पहिला संस्कृती नावाच्या मुलीला, तिची नऊवारी चैनीची, कमरेला प्लास्टिकची घागर आणि हातात विळा. विळा उलटा धरला होता. मी तिथल्या तिथं सरळ करून दिला, नाहीतर पोरीनं स्वतःचं मनगट कापलं असतं. परीक्षक बाईंनी नंतर खाली येऊन मला समजावलं की तुमचा मेकअप अप्रतिम आहे, पण हातात काही वस्तू नव्हती आणि चालण्यात ग्रामीणपणा थोडा कमी वाटला. माझ्या चालण्यात. ग्रामीणपणा कमी. मग त्या जवळून बघायला लागल्या, आणि बघता बघता त्यांचं तोंड उतरलं, आणि त्या मला काकू म्हणाल्या, मग आजी म्हणाल्या, मग चहा घेता का म्हणाल्या. पण बक्षीस काही परत घेतलं नाही. कागदावर छापून आलंय, कु. आक्काबाई, द्वितीय वर्ष. पाच लेकरांनंतर मी कुमारी झाले. कागद मी पिठाच्या डब्यामागं ठेवलाय, सुनेला दाखवलेला नाही.

परत खुर्चीवर आले तेव्हा नाच सुरू झाला होता, आणि तिथं मला एक गोष्ट दिसली, ती तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला शेतातलं कळतं. एक गाणं वाजत असताना पोरीनं कानातल्या कानात दुसरं ऐकलं. लोकांना ते ऐकू येत नव्हतं. मग तिनं ते अगदी बारीक आत सोडलं. दोन्हींचा ताल एक होईपर्यंत चकतीवर बोट ठेवून वाट बघितली. मग नवं वाढवलं आणि जुनं बंद केलं, आणि खाली हजार पायांपैकी एकही पाय चुकला नाही. मी म्हणाले, अगं, हे तर दारं धरणं झालं. एका वाफ्यातलं पाणी भरत आलं की पुढच्या वाफ्याचं तोंड आधी थोडं फोडायचं, मग मागचं बांधायचं. आधी बांधलं तर पाट फुटतो, उशिरा बांधलं तर वाफा तुंबतो आणि पीक लोळतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं माणूस नुसता फावडं घेऊन उभा आहे. मी तीस वर्षं दारं धरली, मला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ते असो. काम आहे, एवढं मला कळलं. मग म्हणलं, आता हे गोरखला सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

पण तेवढ्यात मशीन अडकलं. मधला खुंटा, ज्यानं ती एक गाणं काढून दुसरं घालते, तो निम्म्यावर बसला. इकडं जाईना, तिकडं जाईना. एका बाजूनं ढोल, एका बाजूनं सनई, आणि दोन्ही एकदम, जसं काही एकाच मांडवात दोन वऱ्हाडं घुसली. पोरं नाचायची थांबली. मग ओरडायला लागली. ती ओरड मला ठाऊक आहे, जत्रेतल्या टुरिंग टॉकीजला रीळ तुटलं की करायचे तीच. प्राचार्य उभे राहिले. हर्षलचं मशीन जुनं, ते दगा देणारच होतं. कॉलेजची लाईट कमी-जास्त होत होती. आपल्याकडची धूळ तर सगळ्यात जाते. शिवाय एक शिपाई सारखा चहाचे कप घेऊन शेजारून जात होता, त्याचं मला पहिल्यापासून लक्षण ठीक दिसलं नव्हतं. माझं स्पष्ट म्हणणं आहे की ह्या चौघांपैकी कोणाची तरी चूक.

निकिता रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मी पिशवीतून रुमालसुद्धा काढला होता. तिनं दोन बोटांनी खुंटा दाबून बघितला, वास घेतला (कशाला घेतला कोण जाणे), एकदा माझ्याकडं बघितलं, आणि मशीनची वायर उपटून मोबाईलला लावली. मोबाईलवर एक गाणं संपतं तेव्हा संपतंच, मध्ये खळगा पडतो. त्या खळग्यात ती माईकवर बोलत गेली. म्हणे, जे बसलेत त्यांची नावं मला माहीत आहेत, हजेरीपट माझ्याकडं आहे. म्हणे, नांगरवाल्यानं नांगर खाली ठेवावा, पेरणी अजून लांब आहे. पोरं हसली, नाचली, पाच वाजता वेळेवर संपलं. प्राचार्य घड्याळाकडं बघत छान म्हणाले. म्हणजे निभावलं. पण निभावणं वेगळं आणि होणं वेगळं.

घरी आलो तर गोरख ओट्यावरच उभा. कसं झालं, म्हणाला. मी म्हणाले, पाय धुऊ दे. धुतले. मग म्हणाले, जेवू दे. जेवले. मग म्हणाले, पुढच्या रविवारी सांगते. तो म्हणाला, "आई, हो का नाही, येवढंच तर सांगायचं हाय." मी म्हणाले, "येवढंच हाय तर तुलाच का न्हाई जमलं सांगायला." तेव्हापासून बाप-लेक दोघंही माझ्या तोंडाकडं बघतायत, पाण्याच्या टँकरकडं बघावं तसं.

मी पुष्कळ विचार केला मरियाबाई, आणि माझं ठरलं आहे. मी नाही म्हणणार. काम चांगलं आहे, पण मशीनचा भरवसा नाही, आणि ज्याचा भरवसा नाही त्याच्यावर पोरीनं उभं राहू नये. मशीन हर्षलला परत जावं, म्हणजे ते कोणी उघडायला नको, बघायला नको, विषय मिटला. निकिता बँकेची परीक्षा देईल. चार दिवस रुसेल, मग जेवेल. तुम्हाला म्हणून कळवलं. तुमचं मत कळवू नका, माझा निर्णय पक्का आहे.

गुडघ्याला तिळाचं तेल लावा. वाटी बदलू नका.

तुमची जुनी विद्यार्थिनी,
आक्काबाई

ता. क. वरचं सकाळी लिहिलं. शेजारचा अजिनाथ दुपारी कांदा घेऊन तुमच्या श्रीरामपूरला निघणार, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते. तो चहाला थांबलाय आणि कागद उरलाय, म्हणून विचारते. तुमचा मोठा मुलगा सॅम अजून ते रेडिओ, स्पीकर दुरुस्त करण्याचं दुकान चालवतो का? चर्चमधली वाजवायची मोठी पेटी बंद पडली होती ती त्यानंच उघडून लावली, असं तुम्ही मागं म्हणाला होता. जो पेटी उघडतो त्याला चहाच्या ट्रेएवढं मशीन काय जड. त्याला म्हणावं, येत्या रविवारच्या आत एकदा इकडं येऊन जा. मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी करते, त्याला लहानपणी आवडायची. गोरखला म्हणायचं, सहज आलो.

ता. क. दुसरा. त्याला आधीच सांगून ठेवा की मधल्या खुंट्याच्या फटीत लाल दिसेल, ते रक्त नाही, कुंकू आहे. पिवळं आहे ती हळद. आणि खाली चिकट आहे ती साखर. सुरू करायच्या आधी निकिता वायरी बघायला गेली होती, आणि नवं काम, आपल्याला तरी नवं मशीन, पहिलीच वेळ. ट्रॅक्टर आला तेव्हा पूजा केली, मोटार बसवली तेव्हा केली, गिरणीचा पट्टा बदलला तरी करतो. ह्याचीच नाही करायची, असं कसं? नारळ फोडायला जागा नव्हती. म्हणून बोट ओलं करून एकेका खुंट्याला हळद-कुंकू लावलं आणि मधल्यापुढं चिमूटभर साखर ठेवून पाणी फिरवलं. पाणी फिरवताना थोडं जास्त फिरलं. साखर विरघळून आत गेली. ओली होती तोवर खुंटा सरकत होता, वाळली आणि धरून बसला. शिपायाचं नाव मी वर उगाच घेतलं, तो बिचारा नुसता चहा देत होता. हे खोडायचं म्हणजे सगळंच पान खोडावं लागेल, म्हणून राहू देते.

ता. क. तिसरा, आणि अजिनाथ आता हाका मारतोय. मघाशी आत गेले तर गोरख निकिताला विचारत होता की मशीन बंद कशानं पडलं. ती म्हणाली, माझ्या हातून त्याच्यावर पाणी सांडलं, चूक माझी. सरळ बापाच्या डोळ्यात बघून म्हणाली. शनिवारी माझ्या बोटाला कुंकू होतं ते तिनं बघितलं होतं, आणि खुंट्याचा वास घेतला तो उगाच नव्हता. न विचारता उपकार करणारी माणसं मला आवडत नाहीत, त्यांना परत काय द्यावं कळत नाही. म्हणून मी तिथंच गोरखला सांगून टाकलं की माझा हो आहे, पोरगी दारं धरते, कोपरगावला जाऊ दे. तो दारं धरूनच मोठा झालाय, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तेव्हा वर जो पक्का निर्णय लिहिलाय तो वाचू नका. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी मशीन चाललं पाहिजे, आणि माझा हो आता मागं घेता येत नाही. सॅमला म्हणावं, मशीन बाहेर अंगणात नेऊन उघड, आधी कुंकू-साखर सगळी पूस, आणि मग निकिताला हाक मार. तिला माहीत आहे. पण तिला माहीत आहे हे मला कळलंय, एवढं तिला कळू देऊ नका.